६४० केबीपासून शेताच्या बांधापर्यंत

१९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक संगणक पूर्णपणे कामाला लागला. तो परदेशातून आणलेला नव्हता. आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी तो इथेच बांधला होता. पुढे १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफरॅक हे नाव दिले. या यंत्राची स्मृती २,०४८ शब्दांची होती आणि एकेक शब्द ४० बिटांचा. आजच्या मापात ती १० केबी भरते. तुमच्या हातातला हा लेख नुसत्या अक्षरांच्या रूपात, एकही चित्र न घेता, फोनमध्ये साठवला तरी पन्नासेक केबी जागा खाईल. म्हणजे भारतात घडलेल्या त्या पहिल्या संगणकाच्या स्मृतीत या लेखाचा पाचवा हिस्साही जेमतेम मावला असता. तरी त्याच १० केबीत देशभरातल्या शास्त्रज्ञांची गणिते वर्षानुवर्षे सुटत राहिली.

तिथे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस यंत्राच्या जवळच्या भाषेत, एकेक सूचना मोजून लिहीत असे. सूचना वाढल्या तर यंत्रात मावणार नाहीत आणि खोळंबा त्याचा स्वतःचाच होणार, हे त्याला ठाऊक होते. लिहिणारा आणि भार सोसणारा एकच होता. सॉफ्टवेअर का फुगले आणि त्यात प्रोग्रॅमिंगच्या भाषांचा दोष किती, या प्रश्नाचे धागे मला याच मुद्द्यापाशी येऊन मिळताना दिसतात.

१९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला आणि फोरट्रानमध्ये काम होऊ लागले. गणिताच्या सूत्रासारखे लिहायचे आणि त्याचे यंत्राच्या सूचनांत रूपांतर कंपायलरने करायचे, ही सोय लाखमोलाची होती. पण फोरट्रानच्या जन्मापासून तिच्यावर एक आरोप होता. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५४ मध्ये हे काम सुरू केले, तेव्हा मुरलेल्या प्रोग्रामरांना वाटत होते की यंत्राने तयार केलेल्या सूचना हाताने लिहिलेल्या सूचनांइतक्या आटोपशीर कधीच होणार नाहीत. सोयीच्या नावाखाली महागड्या यंत्राचा वेळ वाया जाईल. बॅकस यांच्या गटाने हा आरोप मनावर घेतला. १९५७ मध्ये कंपायलर बाहेर पडला तोवर त्यांचे सर्वाधिक कष्ट एकाच गोष्टीवर खर्च झाले होते: निघणाऱ्या सूचना कुशल माणसाने लिहिल्याइतक्या वेगाने चालल्या पाहिजेत. तशा त्या बऱ्याच अंशी चालल्याही. भाषेवरचा पहिला खटला असा भाषेच्या बाजूने सुटला, आणि तो सुटला कारण भाषा घडवणाऱ्यांनी वजनाची जबाबदारी स्वतःवर घेतली होती.

दुसऱ्या खेपेला निकाल इतका साफ लागला नाही. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याच्या प्रोसेसरला १ एमबीपर्यंतच स्मृती हाताळता येई. त्यातली वरची ३८४ केबी पडदा आणि इतर यंत्रणेसाठी राखून ठेवली गेली आणि प्रोग्रॅमसाठी उरली ६४० केबी. डॉस वापरणाऱ्या पिढीला ही भिंत पाठ होती. लोटस १-२-३ हा आकडेमोडीचा प्रोग्रॅम १९८३ मध्ये आला तो असेंब्लीत, म्हणजे यंत्राला अगदी लगटून लिहिलेला, आणि म्हणूनच कमालीचा चपळ. पुढे त्याची तिसरी आवृत्ती सी भाषेत नव्याने लिहायला घेतली. ती लांबत लांबत १९८९ मध्ये आली आणि ६४० केबीत बसेना. तिला १ एमबी लागे. जुन्या यंत्रांसाठी कंपनीला असेंब्लीचीच वेगळी आवृत्ती काढावी लागली. डीबेस या माहिती साठवण्याच्या प्रोग्रॅमचेही असेच झाले. वेगवेगळ्या यंत्रांवर नेता यावा म्हणून तो असेंब्लीतून सीमध्ये आणला गेला, तेही स्वयंचलित साधनांनी कोड पालटून. १९८४ मध्ये डीबेस-३ आला तेव्हा आतला कोड माणसाने वाचण्याजोगा उरला नव्हता. इथे भाषेचा वाटा नाकारता येत नाही. पण सी निवडली होती ती आळसामुळे नव्हे. एकच प्रोग्रॅम दहा प्रकारच्या यंत्रांवर चालवायचा तर दहादा असेंब्ली लिहिणे कोणालाच परवडणारे नव्हते.

याच डीबेसच्या आणि याच ६४० केबीच्या काळात मराठीची गोष्ट सुरू होते.

त्या वेळी आपल्या खानदेशातल्या तहसील कचेऱ्यांत संगणक नव्हता. आजच्या मुक्ताईनगरला तेव्हा एदलाबाद म्हणत. कचेरीतले काम दप्तरे, रुमालात बांधलेले गठ्ठे आणि तलाठ्याचे हस्ताक्षर यांवर चाले. कचेरीत संगणक आणायचा तर पहिला प्रश्न यंत्राच्या किमतीचा नव्हताच. गावचे, खातेदाराचे, पिकाचे नाव त्यात लिहायचे कोणत्या लिपीत, हा होता. डीबेस, वर्डस्टार, लोटस हे सारे इंग्रजीपुरते लिहिलेले. त्यांना २६ अक्षरे ठाऊक. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षर यांचा त्यांत विचारच नव्हता.

हे कोडे सोडवण्याचे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले होते. प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली मोहन तांबे या विद्यार्थ्याने देवनागरी टर्मिनलवर काम केले. ऑक्टोबर १९८३ मध्ये दिल्लीतल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात ते यंत्र लोकांना दाखवले गेले. १९८८ मध्ये पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक उभी राहिली आणि तांबे आपल्या कामासह तिथे आले. त्यातून जिस्ट कार्ड घडले. संगणकाची पेटी उघडायची, आतल्या रिकाम्या खाचेत हे कार्ड बसवायचे, आणि अमेरिकेत लिहिलेला तोच डीबेस पडद्यावर मराठी नावे दाखवू लागे. डीबेसची एक ओळही बदलावी लागत नसे. प्रोग्रॅम आपल्या समजुतीने काही संकेत पाठवी; कार्ड मध्येच ते अडवून त्यांचे देवनागरीत रूप घडवी आणि पडद्यावर मांडी.

या कामातली खरी बुद्धी मला साठवणीच्या पद्धतीत दिसते. मराठीतली सगळी जोडाक्षरे स्वतंत्र चिन्हे म्हणून साठवायची ठरवली असती तर शेकडो संकेत लागले असते. तसे न करता साठवायचे ते मूळ वर्ण. क, हलंत, त, काना असे. त्यांतून 'क्ता' हा आकार घडवायचा तो दाखवण्याच्या क्षणी. इस्की या संकेतावलीत, जी १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून पक्की झाली, प्रत्येक वर्णाला एकच बाइट पुरे. 'मुक्ताई' हे नाव ७ बाइटांत मावे. शिवाय तेच संकेत गुजरातीला, तमिळला, बंगालीला लागू होते. लिपी बदलायची तर फक्त आकार बदलायचे. जागेच्या टंचाईने या लोकांना नीट विचार करायला भाग पाडले होते. आकार घडवण्याचा सगळा भार कार्डावर गेला, आणि कार्डाची किंमत कचेरीने एकदा मोजली की संपले.

मग विंडोज आली आणि कार्डाची गरज संपली. १९९० च्या दशकात पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम, बंगळूरची आकृती अशा पॅकेजांनी मराठी छपाईचे जग व्यापले. वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, शासननिर्णय सारे त्यांतूनच बाहेर पडू लागले. पण प्रत्येकाच्या फॉन्टचे संकेत निराळे. आता साठवले जात होते ते आकार, वर्ण नव्हेत. एकातला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की नुसती गिचमिड दिसे. शोधता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे. बाइटांच्या हिशेबात या फायली आटोपशीरच होत्या, एका आकाराला एक बाइट. तरी मला या दशकाचे फार वाईट वाटते. त्या काळातला कितीतरी मराठी मजकूर त्या त्या फॉन्टबरोबर गाडला गेला. लहान फाइल म्हणजे चांगली फाइल असे समजणाऱ्याने त्या काळातली एखादी सीडी उघडून पाहावी.

उपाय बाहेर आधीच तयार होत होता. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली होती. म्हणजे कानपूर-पुण्यातला विचार जगाच्या संकेतावलीत पोचला. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत बसून यूटीएफ-८ ची आखणी केली. जुने इंग्रजी प्रोग्रॅम न मोडता सगळ्या लिपी सामावून घ्यायच्या होत्या, म्हणून इंग्रजी अक्षराला १ बाइट आणि देवनागरीला ३. 'मुक्ताई' आता २१ बाइटांची झाली. मोबाइलच्या संदेशातही तोच हिशेब: एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे जातात, मराठीची ७०.

हा फुगवटा म्हणायचा का?

माझे ठाम उत्तर 'नाही' असे आहे. तिप्पट जागा घेऊन आपल्याला मिळाले ते असे: मुक्ताईनगरात टंकलेले नाव टोकियोतल्या यंत्रावर तसेच उमटते, दहा वर्षांनी शोधले तरी सापडते, फॉन्ट विकणाऱ्या कंपनीवर अवलंबून राहत नाही. २००० साली विंडोजमध्ये देवनागरी मुळातूनच आली तेव्हा वेगळे पॅकेजही नको झाले. हे वजन आपल्याला आत घेण्याचे वजन आहे. ते कमी करा असे म्हणण्याचा अधिकार ज्यांची लिपी एका बाइटात बसते त्यांना नाही.

ही गोष्ट मला निकलाउस विर्ट यांचा लेख वाचताना प्रकर्षाने जाणवली. विर्ट झुरिचचे, पास्कल भाषेचे जनक. १ जानेवारी २०२४ रोजी ते गेले. महाराष्ट्रातल्या हजारो विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅमिंगची पहिली ओळ टर्बो पास्कल किंवा टर्बो सीच्या पडद्यावर लिहिली आहे. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले तेव्हा खानदेशातल्या महाविद्यालयांतही हीच साधने पोचत होती. टर्बो पास्कलची १९८६ ची एक आवृत्ती, संपादक आणि कंपायलर दोन्ही मिळून, ३९,७३१ बाइटांची होती. विर्ट यांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये सडपातळ सॉफ्टवेअरसाठी आर्जव करणारा लेख लिहिला. यंत्रे जितक्या वेगाने वेगवान होतात त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंद होत जाते, हे निरीक्षण त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, जरी त्यांनी स्वतः त्याचे श्रेय मार्टिन रायझर यांना दिले. कारणे त्यांनी माणसांत शोधली: विक्रेत्यांना प्रत्येक सोय घालायची असते, गिऱ्हाइकाला गरजेचे आणि शोभेचे यांतला फरक सांगायला कोणी बसत नाही, आणि वेळेचा तगादा असा की आधी लिहिलेले पुन्हा घासूनपुसून घ्यायला सवड मिळत नाही. भाषेलाही त्यांनी सोडले नाही. शिस्त लावणारी, मोजकी भाषा असेल तर रचना स्वच्छ राहते, असे ते म्हणत. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःची ओबेरॉन ही भाषा आणि प्रणाली पुढे ठेवली. प्रणाली, कंपायलर, मजकूर-संपादक आणि खिडक्यांची सोय, सारे मिळून २०० केबीपेक्षा कमी स्मृतीत चाले.

विर्ट यांच्याविषयी मला अपार आदर आहे. पण त्या २०० केबीत देवनागरी नव्हती. जोडाक्षर घडवणारी यंत्रणा नव्हती, उजवीकडून डावीकडे चालणारी लिपी नव्हती, चिनीची हजारो चिन्हे नव्हती. जगातल्या बहुसंख्य लोकांना वगळल्यावर मिळालेला तो सडपातळपणा होता. म्हणून सॉफ्टवेअरच्या वजनाबद्दल बोलताना आपण आधी दोन वजने निराळी केली पाहिजेत. एक वजन कोणाला तरी आत घेताना येते. दुसरे कोणाचेच काही वाढवत नाही.

दुसऱ्या वजनाचे माप घ्यायला मुक्ताईनगर तालुक्यातच एक साधन आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव आहे. योगी चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठवले, मुक्ताबाईने ते पाहिले आणि ज्ञानदेवांनी उत्तरादाखल ६५ ओव्या लिहिल्या, ही कथा इथल्या पोरासोरांना माहीत आहे. ती चांगदेव पासष्टी युनिकोडमध्ये, तीन बाइटांच्या हिशेबाने लिहिली तरी बारा-पंधरा केबीत बसते. २०२२ मध्ये जगभरच्या वेबपानांची मोजदाद झाली तेव्हा मोबाइलवरचे मध्यम पान २ एमबीच्या आसपास निघाले. एका पानाच्या जागेत शंभराहून अधिक पासष्टी बसाव्यात. त्या पानांवर वाचण्याजोगा मजकूर क्वचितच पासष्टीपेक्षा जास्त असतो. बाकी असतात चित्रे, जाहिराती, वाचकाच्या मागावर ठेवलेले प्रोग्रॅम, आणि एका कामासाठी आणलेल्या पण दहा कामांच्या तयारीच्या लायब्रऱ्या.

काटकसरीचीही किंमत असते, हे विसरून चालणार नाही. साठ-सत्तरच्या दशकांत ८० रकान्यांच्या पंचकार्डावर जागा वाचवण्यासाठी वर्षाचे दोनच आकडे साठवत. १९७२ ऐवजी ७२. त्या वाचवलेल्या दोन रकान्यांचे बिल शतकाच्या अखेरीस आले. मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांनी हजारो मुलांना कोबोल शिकवून जगभरचे जुने प्रोग्रॅम तपासायला बसवले. खानदेश-विदर्भातल्या कितीतरी घरांतला पहिला विमानप्रवास त्या वाय-टू-केच्या कामाने घडवला. ज्यांनी १९६५ मध्ये रकाने वाचवले त्यांनी १९९९ मधला खर्च सोसला नाही. बचत एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याचा, ही तीच जुनी गाठ इथे उलट्या बाजूने दिसते.

मग भाषा. आज भाषांवर सगळ्यात जास्त राग निघतो तो जावा, जावास्क्रिप्ट, पायथन यांच्यावर. त्यात तथ्य आहे आणि ते मोजलेही गेले आहे. या भाषांत वापरून झालेली स्मृती परत गोळा करण्याचे काम प्रोग्रामरला करावे लागत नाही. भाषाच मागून आवराआवर करते. मॅथ्यू हर्ट्झ आणि एमरी बर्गर यांनी २००५ मध्ये जावाचे प्रोग्रॅम घेऊन ही आवराआवर किती महाग पडते ते तपासले. हाताने स्मृती सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची बरोबरी करायची तर पाचपट स्मृती द्यावी लागली. दुप्पटच दिली तर काम सुमारे ७० टक्के मंदावले. हा भाषेचा सरळ कर आहे. बदल्यात मिळते तेही मोठे आहे. स्मृतीच्या चुकांमुळे कोसळणारे आणि चोरांना वाट देणारे प्रोग्रॅम या भाषांत फार कमी.

पण ज्याला मी खरा फुगवटा म्हणतो तो या करातून येत नाही. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने वाद झाल्यामुळे आपली जावास्क्रिप्टची छोटी पॅकेजे सार्वजनिक साठ्यातून काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचे ११ ओळींचे एक होते. अक्षरांच्या डावीकडे मोकळ्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. ते नाहीसे होताच जगभरचे मोठमोठे प्रकल्प बांधले जाईनात. त्यांतल्या बहुतेकांना आपण हे पॅकेज वापरतो हे माहीतही नव्हते. कोणी आणलेल्या कोणाच्या तरी पोटात ते होते. जावास्क्रिप्टने ११ ओळी स्वतः लिहायला कोणाला मनाई केली नव्हती. आणणे फुकट झाले होते, आणि आणलेल्या गोष्टीचे वजन आणणाऱ्याच्या यंत्रावर जाणवत नव्हते. तीन वर्षे आधी आलेल्या इलेक्ट्रॉन या साधनाने हेच मोठ्या प्रमाणावर केले: मेजावरच्या प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर आख्खा ब्राउझर बांधून द्यायचा.

अँड्रॉइडच्या इतिहासात तर ६४० केबीची भिंत पुन्हा उभी राहिली होती. एका डेक्स फाइलमध्ये, म्हणजे ॲपचा कोड ठेवणाऱ्या फाइलमध्ये, ६५,५३६ पेक्षा जास्त मेथड्स मावत नसत. साधा, शहाणा माणूस एवढ्या मोठ्या आकड्याकडे पाहून निश्चिंत झाला असता. पण ॲप्स त्यालाही धडकली. २०१३ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी स्वतःच लिहिले की त्यांचे ॲप जुन्या अँड्रॉइडच्या अंतर्गत जागेत मावेना, तेव्हा चालू यंत्रणेतली ती जागा त्यांनी आतून खटपट करून वाढवली. २०१४ मध्ये गुगलने अनेक डेक्स फायली जोडण्याची अधिकृत सोय दिली. कानपूर-पुण्यात भिंतीसमोर उभे राहून लोकांनी वर्ण आणि आकार वेगळे केले होते. इथे भिंतीलाच दार पाडले गेले. भाषा मात्र जावाच राहिली.

फेसबुकनेच जून २०१५ मध्ये फेसबुक लाइट काढले, तेव्हा भाषेची बाजू पुरती स्पष्ट झाली. तेच अँड्रॉइड, तीच जावा, आणि ॲप १ एमबीपेक्षा लहान. भारतासारख्या देशांतले स्वस्त फोन आणि कच्चे नेटवर्क समोर ठेवून ते केले गेले. जड काम सर्व्हरवर ढकलले आणि फोनला फक्त दाखवण्याचे काम दिले. जिस्ट कार्डाचा विचार काही वेगळा नव्हता. २०१७ मध्ये जाहीर झालेला जिओफोन ५१२ एमबी रॅमचा, आणि त्याची ॲप्स लिहायची ती याच बदनाम जावास्क्रिप्टमध्ये. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअॅप चालू लागले. ज्या दिवशी कोणीतरी ठरवले की हे गिऱ्हाईक आपल्याला हवे आहे, त्या दिवशी तीच भाषा हलकी झाली.

आता खानदेशच्या शेताकडे येतो. जमिनीची नोंद हा इथे जुना आणि नाजूक विषय आहे. १८५२ मध्ये इंग्रजांनी मोजणी सुरू केली तेव्हा सावदा, फैजपूर, यावल भागातल्या शेतकऱ्यांनी ती अडवून धरली होती आणि सरकारला फौज आणावी लागली. कागदावर काय लिहिले जाते यावर घर तरते किंवा बुडते, हे इथल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. १९८८-८९ मध्ये केंद्राने जमीन अभिलेख संगणकावर आणण्यासाठी देशातले आठ जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातला वर्धा होता. तिथून सुरू झालेले काम सेतू केंद्रे, ई-फेरफार असे टप्पे घेत पुढे आले. आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. रावेर-मुक्ताईनगरच्या केळीच्या बागायतदाराला तालुक्याची फेरी वाचते. हे फार मोठे काम झाले आहे आणि त्यातल्या लोकांचे मला कौतुक आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. गाव नमुना बारावर पिकाची नोंद पूर्वी तलाठी करी. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, मोबाइलवर पिकाचा फोटो काढून ती करायची. कल्पना रास्त आहे: ज्याचे पीक त्याची नोंद. पण या एका पावलाने १९६० पासूनची मांडणी पूर्ण पालटली. टिफरॅकवर लिहिणारा आणि सोसणारा एक होता. कार्डाच्या काळात सोसणारी कचेरी होती, तिच्याकडे बजेट होते. आता सोसणारा कपाशीच्या सरीत उभा आहे, हातात मुलाने वापरून दिलेला जुना फोन. स्टोरेज भरलेले आहे, नेटवर्कची एकच काडी आहे, ऊन पडद्यावर आहे. आणि ते ॲप लिहिणारा ज्या संगणकासमोर बसतो तो त्या फोनच्या दहापट ताकदीचा आहे.

दरवर्षी मुदत जवळ आली की तक्रारी येतात: सर्व्हर चालत नाही, फोटो चढत नाही, ॲप उघडता उघडता अडते. मुदत वाढवण्याची वेळ अनेकदा आली आहे. यातला सगळा दोष फुगलेल्या ॲपवर टाकणे अन्यायाचे होईल. लाखो लोक एकाच आठवड्यात एकाच दारावर आले तर कोणतेही दार कुरकुरेल. पण नोंद हुकल्याचे परिणाम खरे आहेत. २०२४ मध्ये राज्याने २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीन उत्पादकांना दोन हेक्टरपर्यंत हेक्टरी ५,००० रुपयांचे साहाय्य जाहीर केले ते आधी ई-पीक पाहणी केलेल्यांनाच. पुढे सातबारावर नोंद असलेल्यांनाही ते द्यावे लागले. मधल्या काळात किती जणांच्या जिवाला घोर लागला असेल! ज्याच्या फोनमध्ये ॲप मावले नाही, त्याला असे दिवस काढावे लागतात.

अशा ॲपमध्ये मराठी नीट दिसण्यासाठी लागणारे बाइट खुशाल खर्च करावेत. नकाशा, गट नंबर, पिकांची नावे, सगळे आपल्या लिपीत हवे. त्यावर कात्री नको. फोटो मात्र फोनमध्येच आधी लहान करून मग पाठवावा. नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्ये ठेवून रात्री घरी आल्यावर गेली पाहिजे. न लागणाऱ्या लायब्रऱ्या एकेक करून काढाव्यात. हे सारे कोटलिनमध्ये होते, जावात होते, जावास्क्रिप्टमध्येही होते. त्यासाठी भाषा बदलायची गरज नाही, वेळ द्यायची गरज आहे, आणि वेळ देण्याचे कारण फक्त काम देणारा निर्माण करू शकतो.

म्हणून सरकारी ॲपच्या निविदेत एक कलम असावे असे मला वाटते. ॲपचा आकार अमुक एमबीच्या वर जाणार नाही, ते २ जीबी रॅमच्या पाच वर्षे जुन्या फोनवर चालेल, आणि टूजीइतक्या मंद नेटवर्कवर एक नोंद ठरावीक मिनिटांत पूर्ण होईल. चाचणी हिंजवडीतल्या वातानुकूलित खोलीत करू नये. ती मुक्ताईनगर तालुक्यात कुऱ्ह्याला, अंतुर्लीला, हरताळ्याच्या शिवारात, खरिपात भर दुपारी, तिथल्याच शेतकऱ्यांच्या फोनवर करावी. बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जो अहवाल येईल त्यात ते फोन कोणते होते, त्यांत किती जागा मोकळी होती आणि नोंद पुरी व्हायला किती मिनिटे लागली, हे आकडे लिहिलेले असावेत.